खाडाखोड नसलेलं पान

आमच्या विहारात, मूर्तीच्या उजव्या बाजूच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत एक पान आहे. निळ्या शाईत लिहिलेला पाळणा आणि प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेटीच्या पट्ट्यांचे आकडे. अक्षर सरळ, ओळी सुतात. कुठे काट मारलेली नाही, की बाण ओढून शब्द इकडचा तिकडे नेलेला नाही. चौकटीखाली पितळी पट्टी आहे : 'दादांच्या हस्ताक्षरातील मूळ गीत.' जयंतीला त्या चौकटीलाही हार पडतो. बाहेरगावचा पाहुणा आला की कुणीतरी त्याला पानापुढे उभं करतं आणि सांगतं, "बघा, एका बैठकीत लिवलंय. एक अक्षर खोडलेलं नाय."

ते पान मी लिहिलंय. दादा गेल्यानंतर, त्यांच्या अक्षराची नक्कल करून.

सांगायला दोन वाक्यं लागतात. ती तोंडातून निघायला माझे केस पिकावे लागले.

दादा म्हणजे माझा मामा, आईचा पाठचा भाऊ. भातसानगरला धरणावर दरवाज्यांच्या कामाला होता. ग्रीस, पाने-पक्कड, साखळ्या यांत दिवस जायचा आणि उरलेल्या वेळात तो गाणी करायचा. शब्दही त्याचे, चालीही त्याच्या. जयंतीच्या महिन्यात शहापूर-मुरबाडच्या गावांतून त्याच्या गायन पार्टीला एकामागून एक बोलावणी असायची. मी पार्टीत पेटी वाजवायचो. मुरबाडला एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरला होतो. सुटलो की पार्टीची जीप मला नाक्यावरून उचलायची. माझं बोलणं जरा साफ, म्हणून गाण्याआधी माइकवर दोन शब्द बोलायचं कामही माझ्याकडेच आलं. पुढचा सगळा घोळ त्या दोन शब्दांतून झाला.

मामाला सरगम येत नव्हती. त्यानं स्वतःपुरती एक लिपी केली होती. पेटीच्या डाव्या टोकापासून पट्ट्या मोजायच्या. पांढऱ्या पट्टीचा आकडा नुसता, काळीचा गोलात. सूर लांबवायचा असेल तर आकड्यापुढे आडवी रेघ. कोरसनं दम घ्यायचा तिथं एक टिंब. कागद धरणावरच्या जुन्या तक्त्यांचे असायचे. एका बाजूला पाण्याची पातळी भरलेली, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर त्याची खरडाखरडी चालायची.

एक गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. मामाला गाणं अर्धं यायचं. मुखडा बांधून तो अडकायचा. मग रविवारी शहापूरहून किन्हवलीमार्गे एसटीनं सरळगावला उतरायचा आणि तिथून चालत आमच्या घरी. खांद्याला पेटी, शर्टाच्या खिशात घडी केलेले कागद. फाटलेला सदरा शिवायला आणावा तसं ते अर्धं गाणं तो आईकडे आणायचा.

आईला तो बाय म्हणायचा. आई शिकलेली नाही. सुगी संपली की ती गवत कापायला जायची. आमच्या भागातलं गवत तेव्हा ट्रक भरभरून मुंबईच्या तबेल्यांना जात होतं. स्टेजवर ती कधी चढली नाही. पण बांधावर असो की चुलीपुढं, तिच्या तोंडात काहीतरी चालूच असायचं.

पाळण्याचा दिवस मला चांगला आठवतो. उन्हाळा लागला होता आणि आई ओट्यावर तांदळाचे पापड लाटत होती. मामा खांबाला टेकून बसलेला, पेटी माझ्यापुढं. जयंतीला पाळणा म्हणायची आमच्यात रीतच आहे; त्या वर्षी मामाला नवा पाळणा करायचा होता. पहिलं कडवं झालेलं होतं. दुसऱ्यात तो सूर चढवत न्यायचा, वर जाऊन थांबायचा आणि मान हलवायचा.

"परत," तो मला बोलला.

मी परत वाजवलं. तो परत चढला.

आईनं लाटणं थांबवलं नाही. बोलली, "का रे भाऊ, पोराला झोपवतोस का उठवतोस?"

"काय?"

"वराडतोस किती! पाळण्यातलं पोर दचकून उठंल. खाली ये की जरा."

"खाली म्हंजे कसा? म्हणून दाखव."

"मी काय तुज्या पार्टीत हाय?" असं बोलली, पण पापड उचलून खाटेवर टाकता टाकता तिनं ती ओळ म्हटली. वर न जाता, पायरी पायरी उतरत. शेवटच्या शब्दावर आवाज इतका खाली गेला की पेटीवर ती पट्टी मला शोधावी लागली.

मामा ताठ बसला. "बाय, परत."

"आता कसं बोलली ते मला म्हायत नाय."

"गो म्हण ना!"

"पापड लाटल्याशिवाय येत नाय. ये, तू लाट, मग म्हणती."

आणि मामानं खरंच हात धुतले आणि लाटणं घेतलं. धरणाचे दरवाजे उघडणारा माणूस, पण पापड त्याला लाटता येईना; एकाचा नकाशा झाला. आई हसत सुटली आणि हसता हसता तिनं ती ओळ पुन्हा म्हटली. मी पट्ट्या पकडल्या, आकडे सांगितले, मामानं पिठाच्या हातानं लिहिले. ओळीच्या कडेला त्यानं एक छोटा विळा काढला.

"ही कसली खूण?" मी विचारलं.

"जी ओळ बायनं दिली, तिला विळा. ध्यानात राहावं म्हणून." मग हळूच, "तिला सांगू नको. लाजंल, आणि फुडं काय म्हणायचीच नाय."

म्हणजे त्या कागदांत आईचा वाटा किती, याची नोंद मामा ठेवत होता. माहीत फक्त मला होतं.

माइकवर मात्र मी दुसरंच सांगत होतो. मामाचं गाणं मोठं व्हावं असं मला मनापासून वाटायचं, आणि मोठ्या माणसाचं गाणं कसं होतं याबद्दल माझी एक ठाम समजूत होती. ते आभाळातून पडतं. म्हणून मी सांगायचो, "हे गाणं दादांना धरणाच्या भिंतीवर उभ्या उभ्या सुचलं. खिशात कागद नव्हता. पाठ करून घरी आले आणि एका दमात उतरवलं." लोक टाळ्या वाजवायचे. मामा पाठीमागं खाकरायचा. जीपमध्ये बोलायचा, "किती वाढवून सांगतोस रे भाच्या. उद्या बोलशील, आईच्या पोटातून पेटी घेऊनच आला."

"लोकांना आवडतं, मामा."

"आवडतं ना, मग झालं." त्यालाही ते थोडं आवडत असावं. पण हे मी माझा दोष कमी करायला लिहीत नाही.

एका जयंतीला कल्याणकडच्या पार्टीशी आमचा सामना होता. सामन्यात एकमेकांना डिवचायचं ही रीतच असते. समोरचा गायक माइकवर आला आणि बोलला, "दादा, चाल झकास. कंच्या थेटरातून आणलीत? जाताना तिकीट तरी काढलं होतं का?"

मांडव हसला. मामा उठला. "थेटरातलीच असंल बाबा. तुमी लगेच वळखलीत, म्हंजे पुढच्या बाकावर तुमीच होतात!"

मांडव दुप्पट हसला. सामना आम्ही जिंकलो. समोरच्या गायकानं नंतर मामाला मिठी मारली आणि दोघं भजी खात बसले. रागावलो फक्त मी, कारण त्यात थोडं तथ्य आहे हे मला माहीत होतं. मामाच्या कागदांवर पहिल्या ओळीत कधी कधी सिनेमातल्या गाण्याचे आकडे असायचे. म्हणजे माझा मामा चाल उचलतो, आणि जी उचलत नाही ती बहिणीकडून घेतो. मला हे असंच दिसत होतं. दुसरं काही दिसावं इतकी माझी नजर नव्हती.

पुढच्या वर्षी किन्हवलीजवळच्या एका गावात कार्यक्रमाआधी मामानं मला बाजूला घेतलं. "आज पाळण्याच्या आधी सांग, की यातलं दुसरं कडवं माज्या बहिणीनं केलेलं हाय. ती बी आलीय आज, बायांत बसलीय."

"सांगतो," मी बोललो.

माइक हातात घेतला तेव्हा पुढच्या रांगेत आमच्या कारखान्यातले दोघं बसलेले दिसले. कल्याणच्या पार्टीचा ढोलकीवालाही होता. माझ्या डोळ्यांपुढं आई आली, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली. वाटलं, हे हसतील. बोलतील, हे बघा, दादांच्या चाली गवतवाली करते. आणि मी नेहमीचं धरणाच्या भिंतीचं पुराण सांगून टाकलं.

मामानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि गायला लागला. दुसऱ्या कडव्याला बायांमध्ये कुणी पदर डोळ्याला लावला. आई हातानं ताल धरून बसली होती. तिला काहीच कळलं नव्हतं.

जीपमध्ये मामा बोलला, "सांगितलं नायस."

"विसरलो."

"बरं," तो बोलला. पुन्हा कधी त्यानं विषय काढला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

मामा गेला तो आजारानं, फार लवकर. मामीनं त्याची पेटी आणि कागदांची एक मोठी कापडी पिशवी माझ्याकडं दिली. "तुलाच समजतं त्यातलं," ती बोलली. वर्ष भरेल त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पुस्तिका आणि कॅसेट काढायचं तालुक्याच्या कमिटीनं ठरवलं. कमिटीतले एक गुरुजी मला बोलले, "मूळ कागद असतील तर आणा. दादांच्या हस्ताक्षरातलं एखादं पान छापू. लोकांना बघू दे, गाणं कसं आलं ते."

मी घरी येऊन पिशवी ओट्यावर रिकामी केली. कसं आलं ते बघायला मिळणार होतंच. काट मारलेल्या ओळी, ओळींवर ओळी, 'नको', 'बघू', 'रडकं झालं' असे शेरे. कुठं पहिल्याच ओळीला स्वच्छ लिहिलेलं, 'सिनेमातली धर'; धर म्हणजे चालीची सुरुवात. आणि कडेला विळे. मी धरून होतो त्यापेक्षा खूप जास्त. काही गाण्यांत एखादाच, काहींत जवळजवळ प्रत्येक कडव्याला.

मी एक चांगला कागद घेतला. मामाचा 'र' कसा असायचा, 'ळ' ला तो कशी गाठ द्यायचा, सगळं मला पाठ होतं. पाळणा सुबक उतरवला. आकडे घातले. विळा घातला नाही. वाळल्यावर पान थोडं चुरगळलं, घड्या घातल्या, जुनं दिसावं म्हणून. मग आणखी काही गाण्यांच्या तशाच प्रती केल्या, नुसत्या छपाईसाठी. आणि उरलेली पिशवी घेऊन परसात गेलो. तिथं आई अंघोळीचं पाणी तापवत होती.

"आई, हे चुलीत घाल."

"एवढं कागद? पावसाळ्यात पेटवायला ठिव की थोडं."

"नको. सगळं घाल."

"भाऊच्या हातचं हाय ना?"

"रफ हाय. चांगलं तेवढं मी लिवून घेतलंय."

ती एकेक कागद चुरगळून चुलीत घालू लागली. मध्येच एक सरळ केला आणि माझ्यापुढं धरला. तिला अक्षर येत नाही, पण चित्र कुणालाही कळतं.

"हे काय काढलंय रे? विळा काय?"

मी बोललो, "धरणाच्या कामातली खूण हाय. पाण्याच्या लेव्हलची."

"असंल," ती बोलली आणि कागद आत सारला.

त्या दिवशी मी त्याच पाण्यानं अंघोळ केली. हे मला लिहायचं नव्हतं, पण आता लिहायला बसलोच आहे.

पुस्तिका निघाली. माझं पान तिच्या पहिल्या पानावर छापलं. खाली गुरुजींनी लिहिलं, 'एका बैठकीत उतरलेलं गीत, कुठेही खाडाखोड नाही.' पुढं ते पान चौकटीत जाऊन भिंतीवर बसलं. गुरुजींनी भाषणात मुलांना सांगितलं, प्रतिभा अशी असते. मी मान डोलावली. बघता बघता मलाही ते खरं वाटू लागलं, किंवा मी तसं वाटून घेतलं. मी स्वतः दोनतीन गाणी करून पाहिली. एका बैठकीत उतरली नाहीत म्हणून सोडून दिली.

पुढं कॅसेट गेल्या, सीडी आल्या. पार्टीतले एकदोघं म्हातारे झाले, नवी पोरं कीबोर्ड घेऊन आली. पेटी मी ठेवली होती. एका वर्षी जयंतीच्या तोंडावर तिच्यातून वारा सुटायला लागला. भाता कितीही मारा, सूर मरगळलेला. मी ती कल्याणला एका पेटी दुरुस्त करणाऱ्याकडं नेली.

त्यानं भाता सोडवला, घड्या उघडल्या आणि हसायला लागला. "साहेब, पेटी आणलीत का वाचनालय?"

भात्याच्या आतल्या बाजूला, घड्या चिरल्या होत्या तिथं तिथं, कागद डकवलेले होते. एकावर एक, खळीनं. मामा दुरुस्तीला पैसे घालवायचा नाही. चीर पडली की हाताला येईल तो कागद चिकटवायचा. हाताला येणारे कागद एकाच जातीचे होते.

"फेकू?" त्यानं विचारलं.

"नको. काढता येतील का? सावकाश?"

"ओल्या फडक्यानं निघतील. पण टाइम लागंल हां."

दुकानाबाहेरच्या बाकावर मी बसून राहिलो. तो एकेक कागद सोलून जुन्या वर्तमानपत्रावर पसरत होता. काहींची शाई गेली होती, काही मधेच फाटले. वाचता येतील असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले, आणि ते बहुतेक एकाच गाण्याचे होते. पाळण्याचे. मामानं तो करायला घेतला तेव्हाच भाता चिरला असावा.

मी ते घरी आणले आणि आकड्यांप्रमाणे पेटीवर वाजवत गेलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा मामाचं काम दिसलं. तो पाळणा होताना मी समोर बसलो होतो, तरी दिसलं नव्हतं.

पहिल्या कागदावर सिनेमातली ती धर होती, जवळजवळ जशीच्या तशी. शेजारी त्यानं लिहिलं होतं, 'बदलायची'. दुसऱ्यावर तिचे दोन सूर गेले होते. त्यानंतरच्यावर तिचा फक्त ताल उरला होता. आणखी एकावर तोही नाही. पाळणा हलतो तसा संथ झोका आला होता. नदी ओलांडायला माणूस पहिल्या दगडावर पाय ठेवतो, पण राहायला तिथं थांबत नाही. माझा मामा चोर नव्हता. चोर नसल्याचा पुरावा त्यानं स्वतःच्या हातानं, पायरी पायरीनं लिहून ठेवला होता, गाण्यागणिक. आणि त्याची अब्रू राखायला म्हणून मी तो जाळला होता.

आणखी एक. पाळण्याची जी ओळ सगळ्यात सोपी वाटते, पोरंसोरंही म्हणतात, तिथं सगळ्यात जास्त काटाकाटी होती. काट तो जाड मारत नसे. एक बारीक रेघ, खालचं वाचता येईल अशी. कधी खोडलेल्याखाली टिंबं देऊन ते परत घेतलेलं. काल नको वाटलेलं आज हवं वाटे, परवा पुन्हा नको. मी माइकवर ज्याला 'एका दमात' म्हणत होतो ते काम आठवड्यांचं होतं, आणि त्यातला बराचसा वेळ अडून राहण्यात गेला होता. अडून राहणं हेच त्याचं काम होतं, असं मला ते कागद बघून वाटलं. अडलेलं मान्य करून, एसटीत बसून, बहिणीच्या ओट्यावर येऊन मान हलवायची आणि 'परत' म्हणायचं.

दुसऱ्या कडव्याच्या कागदावर चढत्या आकड्यांच्या ओळी एकाखाली एक खोडलेल्या. शेजारी शेरे : 'वर नको', 'नाटकी'. सगळ्यात खाली उतरत जाणारी एकच ओळ, न खोडलेली, आणि तिच्या कडेला विळा. विळ्याखाली बारीक अक्षरात त्यानं लिहिलं होतं : 'बाय बोलली, झोपवतोस का उठवतोस.' तिचे शब्दही त्यानं टिपून ठेवले होते.

ते कागद मी तसेच ठेवून दिले नाहीत, एवढं एकच बरं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात चिंच फोडत बसली होती, तिच्यापुढं जाऊन बसलो. कागद दाखवला.

"आई, हा विळा."

तिनं डोळ्यांजवळ धरला. "हे पाण्याचं ना?"

"नाय. खोटं बोललो होतो. मामा जिथं जिथं तू म्हटलेलं घ्यायचा, तिथं हे काढायचा. ही ओळ तुजी हाय. पाळण्यातली."

मग मी सगळं सांगितलं. किन्हवलीकडच्या गावातलं, पिशवीतलं, भिंतीवरच्या पानाचं. ती चिंच फोडत राहिली. शेवटी हातातला दगड खाली ठेवला.

"म्हंजे चुलीत मीच घातलं."

"मी सांगितलं म्हणून."

"तू सांगितलंस. पण हात माजा ना?" मग तिनं विचारलं, "कशापायी रे? माजी लाज वाटली?"

मी मान खाली घातली.

"गवत कापून तुला शिकवला. तवा नाय वाटली ती लाज," ती बोलली. ओरडली नाही. मग चिंचा भरलेलं सूप माझ्याकडं सारलं. "घे, फोड. बोलत बसलास."

मी फोडू लागलो. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "पिशवी भरून होतं ना? त्यात माजं किती होतं?"

"पुष्कळ."

"कंचं कंचं?"

मी आठवून बघितलं. मला आठवत नव्हतं. त्या दिवशी मी विळे बघून घाबरलो होतो. कुठल्या ओळीला आहेत हे पाहिलंच नव्हतं. तिनं एका गाण्याची ओळ गुणगुणली. "हे माजं का भाऊचं?"

"तुला काय वाटतं?"

"मला कसं वाटंल? मी काय लिवून ठेवलं? मी म्हणायची, तो न्यायचा. मग पार्टी म्हणायची, मग मी परत तेच ऐकून म्हणायची. आता माजं कुठलं नि त्याचं कुठलं?" तिनं दुसऱ्या गाण्याची ओळ धरली, अर्ध्यात सोडली. तिसऱ्याची धरली. प्रत्येक वेळी माझ्याकडं बघायची आणि मी चिंच फोडत राहायचो. ज्याला माहीत होतं तो गेला होता, आणि त्यानं लिहून ठेवलेलं आम्ही दोघांनी मिळून जाळलं होतं.

मी विहाराच्या कमिटीकडं गेलो. अध्यक्ष आता आमच्याच बरोबरीचे, पार्टीत कोरसला असायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ कपाळ चोळलं. "आता कशाला काढतोस? लोक त्या पानाला हात जोडतात. दादांचं नाव जाईल."

"दादांचं जाणार नाय. माजं जाईल."

"तुजं गेलं म्हंजे दादांचं बी थोडं जाणार. ऱ्हाऊ दे की भिंतीवर. माइकवर काय बोलायचं ते बोल, मी काय आडवा येत नाय."

म्हणून पान अजून तिथं आहे. ते मी स्वतः उतरवून आणायला हवं होतं, तेही झालं नाही.

त्या जयंतीला पाळण्याच्या आधी मी माइक घेतला. धरणाची भिंत सांगितली नाही. सांगितलं की हा पाळणा दादांनी पुष्कळ दिवस खोडून खोडून केला, तरी दुसरं कडवं त्यांना येत नव्हतं, आणि ते त्यांच्या बहिणीनं, माझ्या आईनं, पापड लाटता लाटता दिलं. हे दादांनीच लिहून ठेवलंय, आणि इतकी वर्षं मी ते दाबलं. आईचं नाव घेतलं. बायांनी माना वळवल्या. कुणी तिला कोपरानं ढोसलं, "काय गो, कधी बोलली नायस!" आई पदराआडून बघत होती. हसते आहे की काय, ते मला पेटीवरून दिसेना.

घरी आल्यावर ती पाय पसरून भिंतीला टेकली. मी पाणी दिलं. पिऊन तांब्या खाली ठेवत ती बोलली, "एकच बोललास."

"एकाचाच कागद राहिलाय, आई."

"मग बाकीची?"

मी खालचा तांब्या उचलला.

"ऱ्हाऊ दे," ती बोलली आणि कूस बदलून झोपली.

तेव्हापासून माइकवर मी दुसऱ्या कुठल्याच गाण्याबद्दल बोलत नाही. ते कसं आलं, कुणाला सुचलं, काही नाही. गाण्याची पहिली ओळ सांगतो आणि भाता मारतो. आई अजून कार्यक्रमाला येते, बायांत पुढंच बसते आणि सगळी गाणी त्यांच्याबरोबर म्हणते. एखाद्या ओळीला मध्येच गप्प होते आणि माझ्याकडं बघते. ती ओळ तिची आहे म्हणून बघते, की वय झालं म्हणून नुसता दम घेते, हे मला कळत नाही, आणि विचारायचं माझं तोंड नाही. मी खाली पट्ट्यांकडं बघत वाजवत राहतो.